दिवापाहणी

केळीचा घड खांद्यावर असतानाच कोकिळा मधल्या पाटात खाली बसली. घड मात्र तिनं टाकला नाही. टाकला असता तर फण्या ठेचल्या असत्या, साल काळी पडली असती आणि चांदनी स्टेशनावर वॅगनीत तो घड कुणी चढवू दिला नसता, एवढं त्या दुखण्यातही तिला कळत होतं. उजव्या बरगडीखाली मूठ दाबून, दुसऱ्या हातानं घडाचा दांडा धरून ती चिखलात तशीच बसून राहिली.

दोन ओळी पलीकडे तिची माय, गोदाबाई, कोयत्यानं वाळकी पानं उतरवत होती. तिनं तिथूनच हाळी दिली, "काय व कोके, अंडी घालतेस का पाटात बसून?"

पोरगी उठेना. गोदाबाई पानं बाजूला सारत आली. कोकिळेचे ओठ पांढरेफटक पडले होते. माय दिसताच ती वाकली आणि सकाळची भाकरी हिरव्या पाण्यासकट बाहेर पडली.

"पोळ्यापासून हे तिसऱ्या खेपेस," गोदाबाई म्हणाली. तिनं घड उचलून आपल्या खांद्यावर घेतला. केळीचा चीक मानेवरून लुगड्यात ओघळला. "आणि शुक्रवारी पाहुणे. पोटालेबी मुहूर्त कळतो काय?"

गोदाबाई गेल्या अठरा वर्षांपासून रांडाव. नवरा गेला तेव्हा मुलगा गिरधर चार वर्षांचा होता आणि कोकिळा पोटात. बारा एकर केळी-कपाशी तिनं स्वतः राखली, मोटेवर गडी ठेवले, भावकीला बांधाच्या आत पाय टाकू दिला नाही. गावात म्हणत, गोदाबाईच्या तोंडी लागण्यापेक्षा तापीच्या पुरात उडी घ्यावी. पूर निदान ओसरतो.

पाहुणे देडतलाईचे होते. भाईदास पाटलांचा मुलगा श्रीकांत, सातवी शिकलेला, घरी दोन विहिरी. कोकिळेनं त्याला इच्छापूरच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं. पाळण्यात बसलेल्या धाकट्या बहिणीची चप्पल पडली, ती उचलून तो वर फेकत होता आणि चप्पल दर वेळी त्याच्याच डोक्यावर पडत होती. त्यानं हिला पाहिलेलं नव्हतं. पण देडतलाईचं नाव निघालं की कोकिळा चुलीपुढं उगाच फुंकणी शोधू लागे.

सोयरीक जुळवली होती मालूबाईनं. मालूबाई ही गोदाबाईची थोरली नणंद, पोरांची फुई म्हणजे आत्या, इच्छापूरला दिलेली. या घराची जी एक रीत होती, तीही मालूबाईच सांभाळी. त्या रीतीला दिवापाहणी म्हणत. मुलगी असो की मुलगा, समोरच्यांनी पहिल्यांदा पाहायचं ते दिवे लागल्यावरच. मधल्या घरात, देवापुढच्या दिव्याच्या उजेडात, तोंडाला हळद लावून. पाहुणे लवकर आले तर मारुतीच्या पारावर बसवून ठेवायचे, चिलीम-पाणी तिथंच द्यायचं. गोदाबाईचंही तसंच झालं होतं. नवरा तिला पहिल्यांदा दिसला तो दिव्यापुढं, हळदीनं माखलेला, देवासारखा. या रीतीचा तिला मोठा तोरा होता. "आमच्या घरी माणसं उन्हात नाही मांडत, वांग्यांसारखी," असं ती गावभर म्हणे.

सोमवारी पोरगी गडबडा लोळू लागली तेव्हा गिरधरनं गाडी जुंपली. चांदनीहून ते आगगाडीनं बऱ्हाणपूरला गेले.

सरकारी दवाखान्याचा डॉक्टर नागपूरकडचा, तरुण, वारा लागला तर पडेल असा. त्यानं पोट दाबलं. उजवीकडे दाबल्यावर कोकिळा किंचाळली. डावीकडे दाबून तो बराच वेळ काहीतरी चाचपत राहिला. मग म्हणाला, "हिला बाहेर उन्हात आणा."

"उन्हात कायले?" गोदाबाई पुढं झाली. "उपवर पोरगी आहे, डॉक्टरसाहेब. साऱ्या दवाखान्यासमोर उभी करता?"

"डोळे बघायचेत."

"मंग कंदील लावा ना. आत काय अंधार पडला?"

"कंदिलात कावीळ दिसत नाही, बाई. दिव्याचा उजेडच पिवळा असतो. पिवळ्यात पिवळं दिसेल कसं?"

तो साधं बोलला. पण भातात खडा यावा आणि घास तोंडात थांबावा, तशी गोदाबाई थांबली.

ओसरीच्या कडेला उन्हात त्यानं कोकिळेची खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा होता. गोदाबाईनं तो रोज पाहिला होता. घराण्याचे डोळेच तसे, मधाळ, असं तिला सासूनं सांगितलं होतं.

डॉक्टरनं आधी काय काय झालं ते विचारलं. गोदाबाईनं सांगितलं. थोरला यादव सहा वर्षांचा असताना पांढरा पडत पडत वारला. त्याच्या पाठचा वामन नवव्या वर्षी. त्याच्या पोटात डावीकडे विटेसारखं लागे. नवरा छत्तिसाव्या वर्षी गेला, तोही असंच बरगडीखाली धरून, तापानं फणफणत, हळदीच्या कांड्यासारखा पिवळा होऊन. सांगताना तिचा आवाज हलला नाही. डॉक्टरचीच मान खाली गेली.

त्यानं तिघांचं रक्त काढलं. काचेच्या नळ्यांत मिठाचं पाणी होतं. थोडं थोडं रक्त त्यात सोडून त्यानं नळ्या लाकडी चौकटीत उभ्या केल्या आणि त्यांना थांबायला सांगितलं. दुपार उलटल्यावर बोलावलं.

"ही तुमची नळी. रक्त तळाशी बसलंय, वरचं पाणी नितळ आहे. ही गिरधरची, तशीच. आणि ही हिची."

कोकिळेच्या नळीत तळाशी काही नव्हतं. सगळं पाणीच लाल झालं होतं.

"मीठ येगळं टाकलं काय?" गोदाबाईनं विचारलं.

"मीठ एकच. रक्त वेगळं. रक्तातले लाल कण चपटे असायला हवेत. हिचे गोटीसारखे गोल आहेत, ठिसूळ. पोटात डावीकडे प्लीहा असते, तिच्यात अडकून ते फुटतात. त्यातून पिवळं निघतं, ते डोळ्यांत दिसतं. तेच पित्तात उतरतं आणि पित्ताच्या पिशवीत त्याचे खडे होतात. हिचं दुखणं म्हणजे ते खडे. तुमच्या नवऱ्याचंही तेच असणार."

"अठराव्या वर्षी खडे?"

"हे जन्माचं असतं. आई किंवा बाप, एकाकडून येतं. तुमचं रक्त चांगलं आहे."

गोदाबाईनं पदर नीट केला. "म्हणजे माझ्याकडून नाही."

"नाही."

"माझ्या माहेराहून नाही."

"नाही, बाई."

"लिहून द्या."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाही येत. तरी लिहून द्या."

त्यानं दोन कागद लिहिले. एक तिला दिला. दुसरा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनच्या नावे. "प्लीहा काढावी लागेल, आणि पिशवीसुद्धा. आणखी एकदा ताप येऊन पोट सुजलं तर मग माझ्या हातात काही नाही. एक नोव्हेंबरच्या आत जा. त्या दिवसापासून राज्यं बदलतात, बऱ्हाणपूर भोपाळच्या राज्यात आणि नागपूर मुंबईच्या. मीसुद्धा तिकडं जातोय. कोणाचा पेशंट कोणी घ्यायचा, हे अजून कोणालाच ठाऊक नाही."

परतताना गाडीत गिरधर म्हणाला, "माय, पाहुण्यांले आत्ता काही बोलू नको. आधी शुक्रवार होऊ दे. मंग नागपूर पाहू."

गोदाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. तिला पागोटं दिसत होतं. वामन गेला त्याच्या तेराव्याला सासूनं तिच्या बापाला बोलावून घेतलं होतं. भर अंगणात, भावकीसमोर विचारलं होतं, "कावीळभरली पोरगी आमच्या गळ्यात मारली ना? दोन नातू खाल्ले हिच्या कुशीनं." बाप शपथा घेत राहिला. शेवटी त्यानं पागोटं काढून सासूच्या पायावर ठेवलं. नुकसान म्हणून दुभती गाय देऊन गेला. जाताना त्यानं लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत विचारणा होती; त्यालाही वाटलं होतं, असेल बाप्पा आपल्याच रक्तात काही. पुढं तो या उंबऱ्याला कधी आला नाही, आणि मेला तेव्हाही तेवढं मनात घेऊन मेला.

मालूबाई गुरुवारी सकाळी छकड्यातून उतरली. बुटकी, बारीक चणीची, कायम मान खाली. इच्छापुरात तिचं नाव होतं, खालमानी सून म्हणून. साठी आली तरी तीच ओळख. उतरल्या उतरल्या तिनं पदर खोचला, सारवणाची पाटी मागितली, तेलवात पाहिली, हळद कुठं आहे ते विचारलं.

थोरल्या नणंदेसमोर गोदाबाईनंही चाळीस वर्षं नजर उचलली नव्हती. पायांकडे बघून बोलायचं, एवढंच ठाऊक. दोघी अंगणात शेणाचा काला पसरत उकिडव्या बसल्या होत्या. ऊन समोरून येत होतं. गोदाबाई म्हणाली, "अक्का, मान वर करा."

"काहून?"

"करा म्हणते ना."

मालूबाईनं केली. तेच डोळे. लिंबाच्या सालीचे.

दोघींचे हात शेणात तसेच थांबले.

"दिवापाहणी कोण्या देवाची रीत आहे, अक्का?"

"घराची रीत. आजीच्या आजीपासून चालली."

"देव कोणता, ते विचारते मी."

मालूबाईनं मान पुन्हा खाली घातली, पण गोदाबाईनं शेणाच्या हातानंच तिची हनुवटी धरली. नणंदेच्या गालावर हिरवी बोटं उमटली.

"सोड, गोदे. कोणी पाहीन."

"पाहू दे. चाळीस वर्षं कोणी पाहिलं नाही."

मालूबाईनं हनुवटी सोडवून घेतली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मायनं सांगितलं. म्हणे, दिवसा मान वर करायची नाही. मी नाही केली. त्यायनं म्हटलं, किती लाजाळू सून. मीही तेच म्हटलं. मले पोरंबाळं झाली नाही, ते एक बरं झालं."

"सासूबाईले माहीत होतं."

"होतं."

"माझा बाप इथं उभा होता." गोदाबाईनं ओल्या सारवणावर बोट टेकवलं. "इथं. पागोटं हातात घेऊन. तेव्हा तू कुठी होतीस?"

तिनं नणंदेला तू म्हटलं, हे दोघींनाही कळलं.

"दाराआड."

"पाहत होतीस?"

"पाहत होते."

"आणि तोंडात काय गोवरी होती?"

"बोलले असते तर माझ्याबी सासरी कळलं असतं, गोदे. मले कुठी ठेवलं असतं?" मालूबाईच्या नाकाचं पाणी ओठावर आलं. हात शेणाचे असल्यानं तिला ते पुसता येईना. "मी पापी आहे, म्हण. पण पोरीचं वाटोळं करू नको. लग्न होऊ दे. एकदा घरात गेली की कोण हाकलते? दवापाणी तेच करतीन."

"अशीच मी आली घरात," गोदाबाई म्हणाली. "मले कोणी हाकललं नाही. रोज मारलं तेवढं."

दारात कोकिळा उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिचा हात बरगडीखाली होता.

"माय," ती म्हणाली, "मले दिव्यातच दाखव."

"तू गप बस."

"पाया पडते. एकदा त्याले होकार देऊ दे. मंग नागपूर काय, काशीले ने. मी स्वतः सांगीन त्याले, लग्नानंतर, माझ्या तोंडानं."

"तुझी आजी असंच म्हणत असंन. आणि तिची आजी."

"मी आजी नाही ना!" कोकिळा ओरडली आणि दुखून खाली बसली. मालूबाई शेणाच्या हातांनीच धावली. पोरगी तिच्या कुशीत शिरली. गोदाबाईनं काला पसरायला घेतला. राहिलेलं अर्धं अंगण तिनं एकटीनं सारवलं.

शुक्रवारी पाहुणे दुपारीच आले. रीतीप्रमाणे गिरधरनं त्यांना मारुतीच्या पारावर बसवलं. भाईदास पाटील, त्यांची बायको सरुबाई, श्रीकांत, आणि मध्यस्थ म्हणून आलेला सुपडूमामा, ज्याला गप्प बसण्याची सवय नव्हती. घरात मालूबाईनं कोकिळेला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हळद कालवून ठेवली होती. दिवेलागणीला अजून तीन तास होते.

गोदाबाई डोक्यावर पदर घेऊन स्वतः पारावर गेली. बाया पारावर जात नसत.

"चला," ती म्हणाली.

सुपडूमामा हसला. "अव बाई, सूर्य तर बैलाच्या शिंगावर आहे. तुमच्या घरची रीत साऱ्या मुलखाले ठाऊक."

"आज मोडली. चला."

गिरधर तिच्या मागं मागं आला. "माय, काय करतेस? माय!" तिनं त्याला वळून पाहिलं नाही.

अंगणात तिनं बाज टाकली. आतून कोकिळेला दंडाला धरून आणलं आणि ऊन तोंडावर येईल अशी उभी केली. मालूबाई उंबऱ्यातच थांबली, तोंडात पदर कोंबून.

"डोळे उघड," गोदाबाई म्हणाली.

कोकिळेनं डोळे गच्च मिटून घेतले. 

"कोके. उघड."

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. सरुबाई म्हणाली, "लाजते पोरगी. राहू द्या ना, बाई."

"लाजत नाही. लपवते." गोदाबाई लेकीशेजारी उभी राहिली. "ऐका. या घराच्या रक्तात खोड आहे. माझे दोन पोरं त्यानं गेले. हिचा बाप गेला. हिच्या पित्तात खडे झाले, नागपूरले पोट फाडावं लागते. फाडल्यावर बरी होईन, असं डॉक्टर म्हणते. हिच्या लेकरांत येईन की नाही, त्याची हमी तो देत नाही. दिव्यात हे दिसत नाही, म्हणून आमच्या घरी दिवापाहणी असते. मले हे सोमवारी समजलं. आता तुम्ही म्हणा काय म्हणायचं ते."

कोकिळेनं तेव्हा डोळे उघडले. श्रीकांत चार हातांवर उभा होता, टोपी हातात घेऊन. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मायकडे पाहत होती.

सुपडूमामालाच आधी वाचा फुटली. "बाई, गिऱ्हाइकाले वांगं दाखवताना कीड वरच्या अंगाले कोणी ठेवत नाही बिलकुल."

"मी वांगी नाही विकत, मामा."

"दादा," श्रीकांत बापाला हळू म्हणाला, "इलाज आहे म्हणतात ना त्या..."

"तू गाडीत बस," भाईदास म्हणाले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी गोदाबाईपुढं हात जोडले. "तुम्ही खरं बोललात, उपकार झाले. दुसऱ्या कोणी नसतं सांगितलं. पण आम्हाले एकच पोरगा आहे."

"चहा घेऊन जा."

"राहू द्या."

पाणीसुद्धा न घेता ते गेले. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, आणि रविवारच्या बाजारानंतर खकनारपासून इच्छापूरपर्यंत कळेल, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मालूबाईनं कालवलेली हळद गोठ्यामागं नेऊन ओतली. तिच्याही घरी आता विचारणा होणार होती.

कोकिळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोदाबाई शेजारी बसली. मुगाचं कढण पुढं केलं.

"खाऊन घे. सोमवारी निघायचं."

"तू माझ्यासाठी खरं नाही सांगितलं," भिंतीकडे बघतच कोकिळा म्हणाली. "तुझ्या बापासाठी सांगितलं."

गोदाबाईनं वाटी खाली ठेवली.

सोमवारी चांदनी स्टेशनावर गाडीला अजून अवकाश होता. गिरधर तिकिटं काढून आला. वळकटी, तांब्या, भाकऱ्यांचं गाठोडं, आणि सर्जनच्या नावाचा कागद गोदाबाईच्या कमरेला. भुसावळला गाडी बदलायची, हे ती तिसऱ्यांदा विचारून घेत होती. तेवढ्यात इच्छापूरचं छकडं फाटकापाशी येऊन थांबलं आणि मालूबाई उतरली. हातात स्वतःचं बोचकं होतं.

"तुले कोणी बोलावलं?" गोदाबाईनं विचारलं.

"मी बोलावलं," कोकिळा म्हणाली. "गड्याकडून निरोप धाडला. फुई येईन माझ्यासंगं."

"दवाखान्यात एकच बाई राहू देतात."

"हो. फुई राहीन."

गोदाबाईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "पोट फाडणार आहेत तुझं. आणि माय इथं राहीन?"

"तू इथंच राहा."

"हिनं तुझ्या बापाले मरू दिलं. माझ्या लेकरायले मरू दिलं. समजते का तुले काही?"

"समजते, माय." कोकिळेचा आवाज थकलेला होता, भांडणाचा नव्हता. "पण तिले माझं लग्न पाहिजे होतं."

मालूबाई खाली मान घालून उभी होती. गाडी आली. गिरधरनं वळकटी चढवली, बहिणीला कमरेत धरून चढवलं, आत्याला हात दिला. मग खाली वाकून मायकडे हात पसरला. गोदाबाईनं कमरेचा कागद काढून त्याच्या हातात दिला. गाठोडं दिलं. द्यायला आणखी काही राहिलं नाही.

खिडकीत कोकिळा दिसली. तिचं डोकं मालूबाईच्या खांद्यावर होतं. दुखत असावं, मूठ बरगडीखाली होती आणि त्या मुठीवर मालूबाईचा हात. गाडी हलली तेव्हा तिनं मायकडे पाहिलं, पण हात वर केला नाही.

शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेला तरी गोदाबाई फलाटावरच होती. प्रभाकर फाटकवाला हिरवं निशाण गुंडाळत तिच्याजवळून चालला होता. त्यानं खिडकीतलं नवं हिरवं लुगडं पाहिलं होतं, सोबतची म्हातारी पाहिली होती, भाऊ पाहिला होता.

"पोरगी सासरले धाडली काय, गोदाबाई?"

गोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"हो," ती म्हणाली. "चांगलं घर आहे."